जुन्या मिनिव्हॅनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झटके देतो तेव्हा: ऑइलची निवड आणि दोष शोधण्याचा क्रम

जुनी मिनिव्हॅन गिअर बदलताना झटके देऊ लागली की बहुतेक जण आधी ऑइलचा डबा आणतात आणि गाडीला नेमकं काय झालंय याचा विचार मग करतात. हा क्रम उलटा हवा. ऑइल चुकीचं, कमी किंवा जळलेलं असेल तर ते बदलल्याने खरोखर फरक पडतो. झिजलेला क्लच किंवा अडकलेला व्हॉल्व्ह मात्र नव्या ऑइलने बरा होत नाही. म्हणून पहिलं काम तपासणीचं. त्यात खर्च जवळजवळ नाही, लागतं ते एक स्वच्छ फडकं, सपाट जागा, एक साधा कोड रीडर (गाडीच्या कंप्युटरने नोंदवलेले दोषांचे क्रमांक वाचणारं उपकरण) आणि तासभर वेळ.

इथे फक्त टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या नेहमीच्या ऑटोमॅटिकबद्दल लिहिलं आहे. गाडीत सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) असेल तर तिचं ऑइल पूर्ण वेगळं असतं आणि पुढचं काहीही तिला लावू नका. मॅन्युअल गिअरबॉक्सचं जाड गिअर ऑइलही यात चालत नाही. ऑटोमॅटिकच्या ऑइलला एटीएफ म्हणतात, आणि त्याच्याकडे एकाच वेळी चार कामं असतात: वंगण, थंडावा, दाबाने क्लच आवळणं आणि टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनची ताकद पुढे नेणं. मिनिव्हॅनमध्ये ही कामं जास्त कठीण होतात, कारण सात माणसं, सामान आणि एसी असा बोजा एका आटोपशीर, पुढची चाकं ओढणाऱ्या ट्रान्सॲक्सलवर (गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच कवचात) पडतो. त्यातून उष्णता वाढते, आणि ऑइलचा खरा शत्रू तीच.

आधी पातळी, आणि ती बरोबर पद्धतीने

पातळी चुकीची मोजणं ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक. इंजिन ऑइलची सवय इथे नडते. इंजिन ऑइल आपण गाडी बंद करून बघतो, तर बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये एटीएफ इंजिन चालू ठेवून बघावं लागतं. इंजिन बंद झालं की वरच्या भागातलं बरंचसं ऑइल पॅनमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तबकात, उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी भलतीच वर दिसते.

१. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवा, म्हणजे ऑइल ७० ते ८० अंश सेल्सियसपर्यंत तापेल. नुसतं उभ्या उभ्या इंजिन तापवणं पुरेसं नाही. इंजिनचं पाणी तापतं, गिअरबॉक्स कोमटच राहतो.

२. सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा. पाय ब्रेकवर ठेवून लिव्हर प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत पी पासून शेवटपर्यंत न्या आणि परत पी मध्ये आणा.

३. इंजिन आयडलिंगवर असू द्या. डिपस्टिक काढा, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. दोन्ही बाजू बघा आणि जी बाजू कमी दाखवते ती खरी धरा. नळीच्या भिंतीला लागलेलं ऑइल दुसऱ्या बाजूला ओढलं जातं.

होंडाचा नियम वेगळा आहे. ओडिसीसारख्या गाड्यांत इंजिन पूर्ण तापवून बंद करायचं आणि बंद केल्यापासून ६० ते ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक वाचायची. दुसऱ्या कंपनीच्या गाडीची सवय लागलेला माणूस इथे हमखास चुकतो आणि गरज नसताना अर्धा-एक लिटर जास्त ओततो. काही गाड्यांत तर डिपस्टिकच नसते. तिथे ठरावीक तापमानाला खालचा तपासणी प्लग उघडतात आणि ऑइल बारीक धारेने ओघळतं का ते बघतात. ते तापमान त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघायचं, अंदाजाने ठरवायचं नाही, आणि तापमान वाचणारा स्कॅनर हाताशी नसेल तर तो प्लग उघडायचाच नाही.

पातळी कमी असेल तर पंप ऑइलसोबत हवा ओढतो. मग गिअर पडायला उशीर लागतो, वळणावर किंवा चढावर इंजिनची रेस वाढते पण गाडी तेवढी पुढे जात नाही, कधी पंपाचा घुंई असा आवाज येतो. जास्त असेल तरी परिणाम हाच. फिरणारे भाग ऑइलमध्ये बुडतात, घुसळून फेस करतात, आणि फेस दाबला जातो म्हणून क्लच नीट आवळत नाही. डिपस्टिकवर बारीक बुडबुडे दिसले तर आधी जास्त भरलंय का हे बघा.

एक गोष्ट लक्षात ठेवा: एटीएफ इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. पातळी उतरली असेल तर कुठेतरी गळती आहे. ॲक्सलची सीलं, पॅनचा सांधा, कुलरच्या नळ्यांचे जोड, या क्रमाने बघत चला. १९९० च्या दशकातल्या काही गाड्यांत गिअरबॉक्सवर व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनच्या हवेच्या ओढीवरून ऑइलचा दाब ठरवणारा, नळीने इंजिनला जोडलेला भाग) असतो. त्याचा पडदा फाटला तर इंजिन एटीएफ ओढून जाळतं, मागून पांढरा धूर येतो आणि जमिनीवर थेंबही पडत नाही. मॉड्युलेटरची रबरी नळी काढून बघा. आत ऑइल दिसलं तर दोष सापडला, आणि तो सुटा भाग बदलायला अर्धा तास पुरतो.

ऑइल काय सांगतं

डिपस्टिकवरचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका आणि थोडा वेळ थांबा. लालसर आणि पसरणारा डाग ठीक. तपकिरी झालेला पण पसरणारा डाग म्हणजे ऑइल जुनं झालंय. डाग काळा, मधोमध गोळा होऊन बसणारा, वर करपल्याचा वास, असं असेल तर क्लचच्या पट्ट्यांचा भुसा ऑइलमध्ये उतरलाय.

पण नुसत्या रंगावर निकाल देऊ नका. क्रायस्लरच्या एटीएफ+४ मधला लाल रंग मुळातच टिकाऊ नाही. थोड्या वापरानंतर ते तपकिरी दिसू लागतं, त्याचा वासही बदलतो, आणि तरी ते चांगलं असतं. तिथे रंगाऐवजी किती किलोमीटर झाले आणि पॅनमध्ये काय सापडतं हे बघावं.

गुलाबी आणि दुधाळ ऑइल मात्र कोणत्याही गाडीत वाईटच. रेडिएटरच्या आतला ऑइल कुलर फुटून कूलंट एटीएफमध्ये शिरल्याची ती खूण. कूलंटमुळे क्लचच्या पट्ट्या चिकटवणारा गोंद सुटतो. असं दिसल्यावर गाडी चालवणं थांबवा. रेडिएटर बदलून लगेच सगळं ऑइल धुऊन काढलं तर कधी गिअरबॉक्स वाचतो. ती तशीच आठवडाभर फिरली असेल तर सहसा वाचत नाही.

झटका नेमका कधी बसतो, ते लिहून काढा

"गिअर नीट पडत नाही" एवढ्याने काहीच कळत नाही. वीस-पंचवीस मिनिटांची फेरी मारा, शेजारी कुणाला तरी वही देऊन बसवा. नोंदवायच्या गोष्टी चार: गाडी थंड की गरम, कुठल्या गिअरमधून कुठल्यात, ॲक्सिलरेटर किती दाबलेला, आणि झटक्याआधी आरपीएमचा काटा वर उडाला का. काटा आधी उडून मग धक्का बसला तर क्लच घसरून मग पकडतोय. काटा न उडता नुसताच दणका बसला तर दाब जास्त आहे किंवा नियंत्रणात गडबड आहे. या दोन गोष्टी उलट टोकाच्या आहेत आणि दोन्हींना लोक "झटका" असा एकच शब्द वापरतात.

सकाळी पहिल्यांदा डी किंवा आर मध्ये टाकल्यावर दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ काहीच होत नाही, मग गाडी उचलते, आणि दिवसभर पुन्हा त्रास नाही: रात्रभरात टॉर्क कन्व्हर्टर रिकामा होतोय किंवा आतली रबरी सीलं कडक झालीत. पातळी बरोबर असेल तर हा दोष गाडीला लगेच बसवून टाकणारा नाही. हाच उशीर गरम गाडीतही होत असेल तर फिल्टर तुंबलेला असू शकतो किंवा सीलांतून दाब निसटत असेल, आणि ते जास्त गंभीर.

पी मधून डी किंवा आर मध्ये टाकताना दणका बसतो. इथे गिअरबॉक्सला दोष देण्याआधी दोन गोष्टी बघा. आयडलिंग जास्त आहे का? थंड इंजिनात ते जास्त असतंच, पण तापल्यावर ते गाडीच्या ठरलेल्या आकड्यावर यायला हवं. आणि इंजिनचे माउंट, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार, शाबूत आहेत का? बॉनेट उघडून एकाने बाजूला उभं राहायचं, गाडीच्या समोर कधीच नाही. दुसऱ्याने हँडब्रेक ओढून, पाय ब्रेकवर घट्ट ठेवून लिव्हर डी आणि आर मध्ये हलवायचा. इंजिन थोडं डोलतं, ते ठीक. ते उचललं जाऊन आपटत असेल तर माउंट गेलेत. जुन्या मिनिव्हॅनमध्ये "गिअरबॉक्स गेला" म्हणून आलेल्या किती तक्रारी माउंटवर मिटतात हे बघितलं की या चाचणीचं मोल कळतं.

सपाट रस्त्यावर, ६० ते ८० च्या वेगात, ॲक्सिलरेटर हलकाच दाबलेला असताना गाडी थरथरते, जणू खडबडीत पट्ट्यांवरून चाललीय: हा टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचचा (स्थिर वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) थरथराट असण्याची शक्यता मोठी. खात्री करायला उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडल अगदी हलकं, ब्रेकलाइट लागेल इतकंच दाबा. रस्ता मोकळा असेल तेव्हाच हे करा. ब्रेकचा संकेत मिळताच लॉकअप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष लॉकअपचा. ती तशीच राहिली तर प्लग, कॉइल, म्हणजे इंजिनचं मिसफायर बघा. ऑइल बदलल्याने खरोखर बरा होणारा दोष कुठला असेल तर हा, म्हणून तो ओळखता यायला हवा.

जोरात पिकअप घेतानाच गाडीचा पुढचा भाग डावीकडे-उजवीकडे हलतो आणि पाय काढला की थांबतो, तर ॲक्सलचा आतला जॉइंट झिजलाय. त्याचा गिअरशी संबंध नाही.

गाडी एकाच गिअरमध्ये, बहुतेक दुसऱ्या किंवा तिसऱ्यात, अडकून राहते आणि बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ नीट चालते. हा बिघाड नसून बचाव आहे. कंप्युटरला काहीतरी चुकीचं दिसलं की तो गिअरबॉक्सला सुरक्षित अवस्थेत टाकतो, जेणेकरून तुम्ही घरापर्यंत पोहोचाल. अशा वेळी ऑइल बदलत बसू नका, आधी कोड वाचा.

कोड आणि वीज

साधा कोड रीडर बहुतेकदा पी०७०० दाखवतो. त्याचा अर्थ एवढाच की ट्रान्समिशनच्या कंप्युटरमध्ये वेगळा कोड साठलेला आहे, आणि तो वाचायला ट्रान्समिशन वाचू शकणारा स्कॅनर लागतो. नुसत्या पी०७०० वरून कुणी "गिअरबॉक्स उघडावा लागेल" म्हणालं तर तो निदान करत नाहीये. नेहमी भेटणारे कोड असे: पी०७१५ इनपुट स्पीड सेन्सर, पी०७२० आउटपुट स्पीड सेन्सर, पी०७३१ ते पी०७३४ अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, पी०७४० आणि पी०७४१ लॉकअप, पी०७५० पासून पुढे शिफ्ट सोलेनॉइड (ऑइलची वाट उघड-बंद करून गिअर बदलणारे विजेचे व्हॉल्व्ह). जुन्या होंडात इंजिनचा दिवा न लागता डॅशबोर्डवरचं डी अक्षर लुकलुकत राहतं. तोही कोडच समजा.

गुणोत्तराचा कोड आला तर घसरण खरी आहे, आणि पातळी बरोबर असूनही तो येत असेल तर आतली झीज मानून चला. सेन्सर किंवा सोलेनॉइडचा कोड असेल तर आनंद माना, हे भाग बाहेरून किंवा फक्त पॅन उतरवून बदलता येतात. पण भाग मागवण्याआधी त्याचा कनेक्टर काढून बघा. पिनांना हिरवा गंज किंवा ऑइल लागलंय का? वायर इंजिनच्या हालचालीने घासून सोललीय का? बॅटरी स्थिर असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवी. बॅटरीच्या ऋण टोकापासून गिअरबॉक्सच्या धातूपर्यंत इंजिन चालू असताना मीटर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थची तार खराब आहे. सोलेनॉइडना पुरेशी वीज मिळाली नाही की बहुतेक गिअरबॉक्स दाब पूर्ण वाढवून ठेवतात, आणि प्रत्येक गिअर दणका देऊन पडतो.

इंजिनच्या बाजूचेही काही गुन्हेगार आहेत. थ्रॉटल पोझिशन सेन्सर (ॲक्सिलरेटर किती दाबलाय हे कळवणारा) चुकीचं सांगत असेल तर कंप्युटरला वाटतं तुम्ही जोरात दाबलंय, आणि तो दाब वाढवतो. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन तापतच नाही, मग लॉकअप आणि वरचा गिअर मिळत नाही. जुन्या, केबलवाल्या गिअरबॉक्समध्ये थ्रॉटल केबल सैल झाली तर गिअर लवकर आणि मऊ पडतात, घसरतात. ती जास्त ताणली तर उशिरा आणि कडक. ही केबल "थोडीशी" अंदाजाने फिरवणं धोक्याचं आहे. कवचाचं टोक आणि केबलवरची खूण यांतलं अंतर मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं.

ऑइल कुठलं

एक नियम पाळला तरी पुरे: ऑइल गाडीच्या ब्रँडवरून निवडायचं नाही, स्पेसिफिकेशनवरून निवडायचं. ते स्पेसिफिकेशन डिपस्टिकवर कोरलेलं असतं किंवा मालकाच्या पुस्तिकेत शेवटच्या पानांत, क्षमतांच्या तक्त्यात सापडतं.

ऑइलमध्ये एवढा फरक का, हे कळलं तर ऑइलच्या दुकानात गोंधळ होत नाही. क्लचच्या पट्ट्या आवळताना काही क्षण घसरतातच. त्या घसरण्याच्या वेळी पकड कशी वाढावी हे ऑइलमधली घर्षण-नियंत्रक रसायनं ठरवतात, आणि गिअरबॉक्सचा कंप्युटर त्याच पकडीचा हिशेब धरून दाब देतो. पकड अपेक्षेपेक्षा लवकर आली तर झटका, उशिरा आली तर घसरण. घसरत-पकडत, घसरत-पकडत असं झालं तर थरथराट. दुसरा मुद्दा पातळपणाचा. नवी ऑइलं मुद्दाम पातळ केलेली आहेत. डेक्स्रॉन या जनरल मोटर्सच्या एटीएफच्या सहाव्या पिढीला (डब्यावर VI) १०० अंशांवर जास्तीत जास्त ६.४ सेंटीस्टोक (जाडपणाचं एकक) एवढीच मर्यादा आहे, तिसऱ्या पिढीची ऑइलं नवी असताना त्याहून जाड असायची.

आता जुन्या मिनिव्हॅनमध्ये भेटणारी प्रमुख नावं.

क्रायस्लर, डॉज, प्लिमथ: एटीएफ+४. याआधीची एटीएफ+३ त्याने मागे टाकली. या कुटुंबात डेक्स्रॉन चालत नाही, आणि याची शिकवण महागात पडलेली आहे. १९८९ मध्ये आलेल्या ए६०४ या पूर्ण इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या चार-स्पीड गिअरबॉक्सच्या सुरुवातीच्या काळात कागदपत्रांत डेक्स्रॉनही चालेल असं म्हटलं होतं. ते वापरलेल्या गाड्यांना थरथराट आणि बिघाडांनी ग्रासलं. हाच गिअरबॉक्स पुढे ४१टीई नावाने वर्षानुवर्षं मिनिव्हॅनमध्ये राहिला, आणि आजही कुणीतरी "लाल ते लाल" म्हणून त्यात डेक्स्रॉन ओततं.

होंडा: आधी झेड-१, आता डीडब्ल्यू-१. झेड-१ सांगितलेल्या गाडीत डीडब्ल्यू-१ भरता येतं आणि भरावंच. २००२ ते २००४ च्या ओडिसीचा पाच-स्पीड गिअरबॉक्स उष्णतेला नाजूक म्हणून ओळखला जातो. दुसऱ्या गिअरच्या वंगणासाठी २००४ मध्ये कंपनीने रिकॉल काढलं होतं. जुनी गाडी घेतली असेल तर ते काम झालंय का हे चासी नंबरवरून तपासून घ्या.

टोयोटा: टाइप टी-४ आणि डब्ल्यूएस. ही दोन एकमेकांच्या जागी वापरायची नाहीत. डब्ल्यूएस बरंच पातळ आहे. सिएनाच्या वेगवेगळ्या वर्षांना वेगवेगळं ऑइल लागतं, म्हणून "सिएनाला काय घालतात" हा प्रश्नच अपुरा आहे.

फोर्ड: मर्कॉन V आणि मर्कॉन एलव्ही ही दोन वेगळी ऑइलं आहेत, अदलाबदल नाही. जनरल मोटर्स: डेक्स्रॉनची सहावी पिढी. ती जुन्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या जागी चालते. तिसऱ्या पिढीचे परवाने २००६ अखेर संपले, त्यामुळे आज डब्यावर तिसऱ्या पिढीचं नाव दिसलं तर तो केवळ ऑइल बनवणाऱ्याचा दावा असतो, त्यामागे जनरल मोटर्सची तपासणी नसते. सहाव्या पिढीच्या खऱ्या डब्यावर इंग्रजी जे अक्षराने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो.

"सगळ्या गाड्यांना चालणारं" मल्टी-व्हेइकल ऑइल घ्यावं का? डब्याच्या मागची भाषा वाचा. "मान्यताप्राप्त" आणि "वापरण्यास योग्य" या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला गाडी बनवणाऱ्याने दिलेला, दुसरा विकणाऱ्याने स्वतःच स्वतःला दिलेला. चांगल्या उत्पादकाचं मल्टी-व्हेइकल ऑइल अनेक गाड्यांत वर्षानुवर्षं चालतं, हे खरं. पण गाडी आधीच झटके देत असताना ते भरू नका, कारण मग उरलेला झटका ऑइलचा की गिअरबॉक्सचा हे कळायला मार्ग राहत नाही. निदानासाठी मूळ स्पेसिफिकेशनचंच ऑइल हवं. "थरथर थांबवणारी" ट्यूबमधली रसायनं लॉकअपच्या थरथराटावर कधी कधी काम करतात, कारण त्यांत तेच घर्षण-नियंत्रक जास्त असतात. घसरणाऱ्या क्लचवर त्यांचा उलट परिणाम होऊ शकतो. सील फुगवणारी औषधं शेवटच्या महिन्यांसाठी, गाडी विकायच्या आधी नव्हे, मोडीत काढायच्या आधी.

बदलायचं कसं, आणि किती

पॅनमधून सगळं ऑइल निघत नाही. ४१टीई मध्ये पूर्ण कोरडा भरायला सुमारे ८.७ लिटर लागतं, पण पॅन उतरवल्यावर हाताशी येतं साधारण ३.८. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर, कुलर आणि नळ्यांत राहतं. ओडिसीत एका वेळेस साधारण तीन लिटर निघतं. समजा एकूण नऊ लिटर आहे आणि दर वेळी ३.६ निघतं. पहिल्या बदलानंतर ६० टक्के जुनं उरतं, दुसऱ्यानंतर ३६, तिसऱ्यानंतर सुमारे २२. म्हणून मधे काहीशे किलोमीटर चालवून तीनदा बदलणं हा सर्वांत निर्धोक मार्ग. मशीन लावून दाबाने फ्लश करणं जुन्या, कधीच न बदललेल्या गिअरबॉक्सला टाळा. सुटलेला मळ नेमका व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब क्लचकडे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत जाऊन बसू शकतो.

"इतकी वर्षं बदललं नाही, आता बदललं तर गिअरबॉक्स जाईल" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. त्यात अर्धं सत्य आहे. काळ्या, जळक्या ऑइलवर रेटत असलेला गिअरबॉक्स ऑइल बदलल्यावर काही दिवसांत बसतो, पण तो तसाही बसणारच होता. लोक ऑइल बदलतातही तेव्हाच, जेव्हा तो घसरायला लागतो. ऑइल तपकिरी, भुसा नाही, गिअर घसरत नाहीत, अशा गाडीत बिनधास्त बदला.

कामाचा क्रम:

१. गाडी कोमट करा, कडक गरम नको. हात भाजतात. जॅकवर कधीही काम करू नका, चारही बाजूंना भक्कम स्टँड लावा, म्हणजे गाडी सपाटही राहील.

२. आधी भरायचा प्लग किंवा डिपस्टिकची नळी उघडते का बघा, मगच ड्रेन प्लगला हात लावा. रिकामा केलेला गिअरबॉक्स आणि गंजून बसलेला भरायचा प्लग, ही वेळ कुणावरही येऊ नये.

३. होंडाच्या ड्रेन प्लगला ३/८ इंचाचं चौकोनी भोक असतं, रॅचेटचं टोक थेट बसतं. वायसर नवं लावा आणि ४९ न्यूटन-मीटरने आवळा. ४१टीई ला ड्रेन प्लग नाही, पॅनच उतरवावा लागतो. एका कोपऱ्याचे बोल्ट शेवटी सोडा, म्हणजे पॅन एका बाजूने झुकून ऑइल ट्रेमध्येच पडेल. खाली मोठा ट्रे ठेवा, तरीही थोडं सांडेलच.

४. निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात मोजा. तेवढंच परत भरायचं आहे. ऑइल गरम असताना मोजलं तर तापमानाच्या फरकाने चार-पाच टक्के जास्त दिसतं हे ध्यानात धरा, म्हणजे चार लिटर गरम ऑइल थंड झाल्यावर ३.८ च्या आसपास भरतं.

५. पॅनमधली चुंबकं बघा. त्यांवर मऊ, राखाडी चिखल असणं साहजिक आहे. बोटांत चोळला की तो शाईसारखा लागतो. नखात टोचेल असा लोखंडी कीस, पितळी चकाकणारे कण, किंवा काळ्या पापुद्र्यांचे तुकडे दिसले तर तिथेच थांबून विचार करा. पितळी कण बुशचे, काळे पापुद्रे क्लचच्या पट्ट्यांचे. अशा गिअरबॉक्सवर तीन वेळा महागडं ऑइल ओतण्यात अर्थ नाही.

६. फिल्टर बदला, त्याचं जुनं सील वर खाचेत अडकलेलं नाही ना ते बोटाने चाचपून बघा. दोन सीलं एकावर एक बसली की पंप हवा ओढतो, आणि नव्या ऑइलसह गाडी आधीपेक्षा वाईट चालते.

७. पॅनचे बोल्ट मधून बाहेर, आलटून-पालटून, दोन टप्प्यांत आवळा. ४१टीई ला १९ न्यूटन-मीटर. हे हाताला फारच कमी वाटतं आणि म्हणूनच लोक जास्त आवळून कडा वाकवतात. गळतीचं खरं कारण मग पॅन असतो, गॅसकेट नव्हे.

८. मोजलेल्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, इंजिन चालू करा, लिव्हर सगळ्या जागी फिरवा, मग गाडी तापवून वरच्या पद्धतीने पातळी पूर्ण करा. कमी असेल तर ओतणं सोपं, जास्त झालेलं काढणं कटकटीचं.

काही गिअरबॉक्स कंप्युटरने झिजलेल्या क्लचचा हिशेब लक्षात ठेवलेला असतो. नवं ऑइल आलं तरी तो जुन्याच हिशेबाने दाब देतो. ४१टीई मध्ये स्कॅनरने क्विक लर्न ही प्रक्रिया चालवता येते. ती नाही जमली तर शंभर-दीडशे किलोमीटर वेगवेगळ्या वेगात, हलक्या आणि मध्यम ॲक्सिलरेटरवर चालवा, बऱ्याचदा तो आपोआप जुळवून घेतो. इतर गाड्यांत बॅटरी काढून हिशेब पुसला जातो असं गृहीत धरू नका. काहींत जातो, काहींत राहतो.

पहिल्या बदलानंतर शंभर किलोमीटरवर पातळी पुन्हा बघा, खाली थेंब आहेत का बघा, आणि वहीतली तीच फेरी पुन्हा मारा. थरथर कमी झाली असेल तर दुसरा आणि तिसरा बदल करा. घसरण तशीच असेल तर ऑइल तिथेच थांबवा. मग व्हॉल्व्ह बॉडी, सोलेनॉइड किंवा पूर्ण रीबिल्ड यांतलं काय हे दाबमापक लावून ठरतं, आणि गॅरेजवाल्याला तुमची वही, वाचलेले कोड आणि चुंबकावरचा चिखल दाखवलात तर त्याचा अर्धा दिवस वाचतो. दाब न मोजताच कुणी गिअरबॉक्स उतरवायचं म्हणत असेल तर आधी ते मापन मागा.

गाडी ओढून न्यायची वेळ आली तर पुढची चाकं उचलूनच न्या. ट्रान्सॲक्सलमधला पंप इंजिनने फिरतो, चाकांनी नाही. इंजिन बंद ठेवून पुढची चाकं रस्त्यावर फिरली तर आतले भाग कोरडे घासतात. चारही चाकांना ताकद जाणारी मिनिव्हॅन असेल तर ती सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी लागते.